प्राणहितेकाठचे पाहुणे



प्रवासावरचं व्याख्यान म्हटलं की सभागृहाची एक ठरलेली अपेक्षा असते. वक्ता कुठे कुठे फिरून आला, तिथे काय खाल्लं, काय पाहिलं, विमान कसं चुकलं. आजची गोष्ट दुसऱ्या टोकाकडून सुरू होते. आपण जगात गेलो तेव्हा काय झालं, हे आपण पुष्कळदा सांगतो. जग आपल्याकडे आलं तेव्हा काय झालं, हे कुणी सांगायचं? वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात आणि तिथून पुढे नदीचं नाव प्राणहिता होतं. ती सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते. या काठावर गेल्या दीडशे वर्षांत कोण आलं, काय घेऊन गेलं, काय ठेवून गेलं? आणि इथून बाहेर गेलेलं माणूस परत येताना काय घेऊन आलं? हा हिशेब कुणावर राग काढण्यासाठी नाही. पण तो मांडायला हवा, कारण अजून कुणी नीट मांडलेला नाही.

सुरुवात अशा एका पाहुण्यापासून करू, जो इथे कधी आलाच नाही.

व्हिएन्ना शहरात एदुआर्द स्युस नावाचा भूगर्भशास्त्रज्ञ होता. भारताच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातले हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये मध्य भारतातल्या जुन्या खडकांच्या एका मालिकेला नाव दिलं होतं: गोंडवन. गोंडांच्या मुलखातले खडक, म्हणून गोंडवन. स्युसच्या टेबलावर वेगवेगळ्या देशांतले अहवाल येत होते. भारतातल्या कोळशाच्या थरांत एका वनस्पतीच्या पानाचे ठसे सापडतात, जिभेसारखं लांबट पान, मधोमध ठळक शीर. त्या वनस्पतीचं नाव ग्लॉसोप्टेरिस. तेच पान दक्षिण आफ्रिकेत सापडतं, तेच दक्षिण अमेरिकेत. मधे महासागर असताना हे पान तिकडे गेलं कसं? स्युसने उत्तर दिलं की ही सगळी भूमी एकेकाळी एकच होती, आणि १८८५ मध्ये त्याने त्या प्राचीन खंडाला नाव दिलं गोंडवनालँड. मधली जमीन समुद्रात बुडाली असं तो समजत होता. खंडच सरकले, हे पुढे आल्फ्रेड वेगेनरने मांडलं. स्युसचं स्पष्टीकरण मागे पडलं, नाव मात्र टिकलं.

आता १९१२ सालचा दक्षिण ध्रुव पाहा. कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती ध्रुवावरून परतताना थंडीने आणि उपासमारीने मरण पावले. आठ महिन्यांनी शोधपथकाला त्यांचा तंबू सापडला. त्यांच्या सामानात सुमारे १६ किलो दगड होते. पाय ओढत चालणाऱ्या माणसांनी ते ओझं शेवटपर्यंत टाकलं नव्हतं. त्या दगडांत काय होतं? हेच पान. घुग्घुस, माजरी, सास्ती, दुर्गापूर इथला कोळसा ज्या जंगलापासून झाला, त्याच जंगलाचं पान अंटार्क्टिकाच्या बर्फात.

श्रोतेहो, जरा थांबून विचार करा. ब्राझीलमधला, केनियातला, ऑस्ट्रेलियातला शाळकरी मुलगा भूगोलाच्या तासाला हे नाव शिकतो. आपल्या मातीतला दुसरा कुठला शब्द इतका लांब गेला आहे? आणि ज्यांचं नाव गेलं, त्यांना हे सांगायला कोण आलं? एटापल्लीच्या, जिवतीच्या एखाद्या गोंड आजीला कुणी बसवून सांगितलं का, की बाई, अर्ध्या पृथ्वीला तुझ्या लोकांचं नाव आहे? २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख लोक नोंदले गेले, तरी ही भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत अजून नाही. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा उभी केली, ती याच वेदनेतून. नाव जगाला दिलं आणि भाषेला वर्गात जागा मिळवायला झगडावं लागतं, हे मनाला लागणारं आहे.

दुसरी गोष्ट हाडांची.

सिरोंचा तालुक्यात प्राणहितेच्या डाव्या काठावर कोटा नावाचं गाव आहे. तिथल्या चुनखडकात मिळालेल्या माशांच्या जीवाश्मांची चर्चा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लंडनच्या विद्वानांत होत होती. म्हणूनच या खडकांना जगभर ‘कोटा’ याच नावाने ओळखतात. पण मोठं नवल पुढे घडायचं होतं. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत लंडनहून पामेला रॉबिन्सन या जीवाश्मतज्ज्ञ बाईंना बोलावलं. त्या १९५७ पासून इथे येऊ लागल्या आणि त्यांनी भारतीय तरुण भूवैज्ञानिकांचा एक गट तयार केला. याच प्रयत्नांतून पोचमपल्ली गावाजवळ १९५८ मध्ये पहिली हाडं दिसली, आणि १९६० व १९६१ मध्ये तर हाडांचं कोठारच उघडलं. सुमारे ३०० हाडं, निदान सहा प्राण्यांची.

त्यातलं मांडीचं एक हाड डोळ्यांपुढे आणा. लांबी सुमारे १.७ मीटर. म्हणजे या सभागृहातला एखादा बऱ्यापैकी उंच माणूस त्या हाडाशेजारी उभा राहिला, तर दोघांची उंची सारखी भरेल. आणि ते फक्त गुडघ्याच्या वरचं हाड. मणके मिळाले, पाय मिळाले, काही सुटे दात मिळाले. डोक्याची कवटी मात्र मिळाली नाही. ज्युरासिक काळात इथे वावरलेला हा शाकाहारी डायनासोर. सॉरोपॉड कुळातल्या सुरुवातीच्या प्राण्यांत त्याची गणना होते, म्हणून जगातल्या अभ्यासकांना त्याचं मोल फार. १९७५ मध्ये जैन, कुट्टी, रॉय-चौधुरी आणि चॅटर्जी या चौघांनी त्याचं शास्त्रीय नाव जाहीर केलं: बारापासॉरस टागोराय. ‘बारा पा’ म्हणजे बंगालीत मोठा पाय. आणि हाडं निघाली ते १९६१ हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं वर्ष, म्हणून टागोर.

बंगाली नाव, इंग्रज शिक्षिका, तेलुगू बोलणारं गाव, महाराष्ट्राचा तालुका. देवाणघेवाण म्हणतात ती याहून वेगळी काय असते? १९७७ मध्ये हा सांगाडा कोलकात्यात उभा राहिला. तो तिथे आहे म्हणून सुरक्षित आहे, अभ्यासाला मोकळा आहे, हे मान्यच करायला हवं. त्या काळी सिरोंच्यात ती हाडं सांभाळायची सोय तरी कुठे होती? पुढे वन विभागाने वडधमला जीवाश्म उद्यान केलं, तिथे झाडांचे दगड झालेले ओंडके पाहायला मिळतात. तरीही चंद्रपूर-गडचिरोलीच्या किती शाळांतल्या मुलांना हे ठाऊक आहे? डायनासोर म्हटलं की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे अमेरिकेचा सिनेमा येतो. पोचमपल्ली येत नाही.

आता तिसरी गोष्ट, आणि इथे जरा रेंगाळू, कारण हा पाहुणा वेगळा होता.

हाही व्हिएन्नाचाच. नाव क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ, जन्म १९०९ चा. एका व्हिएन्नावासीयाने गोंडांचं नाव न येता नेलं, दुसरा गोंडांच्या अंगणात येऊन बसला. १९३६ मध्ये तो ईशान्येकडे कोन्याक नागांमध्ये राहून गेला होता. १९३९ मध्ये पत्नी बेटीसह पुन्हा भारतात आला आणि महायुद्ध पेटलं. ऑस्ट्रिया हिटलरने गिळलेला, त्यामुळे याच्याकडे पारपत्र जर्मनीचं. इंग्रजांच्या लेखी तो शत्रुराष्ट्राचा माणूस. त्याला निजामाच्या हद्दीत अडकून पडावं लागलं. एखादा हताश झाला असता. हाइमेनडॉर्फने तेच आपलं कामाचं क्षेत्र केलं.

१९४० मध्ये आदिलाबादच्या जोडेघाटात कुमराम भीम पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. जंगल, जमीन आणि पाणी यांच्यावरचा हक्क मागणाऱ्या गोंडांचा तो उठाव होता. हे लोक का उठले याचा शोध घेण्याचं काम निजाम सरकारने हाइमेनडॉर्फवर सोपवलं. तो मारलवाई या गोंड गावात राहायला गेला. शहरात बसून साक्षी नोंदवता आल्या असत्या. त्याने तसं केलं नाही. गावात झोपडी घातली, गोंडी शिकला, पेन-देवतांच्या पूजा पाहिल्या, परधान भाटांच्या तोंडून वंशकथा ऐकल्या. आणि त्याच्या नजरेला पडलं ते हे, की गोंडांची जमीन कागदावर दुसऱ्यांच्या नावावर जात होती आणि जंगलाच्या राखीव रेषा त्यांच्या शेतांवरून ओढल्या जात होत्या. उठावाचं कारण त्या कागदांत होतं.

१९४३ पासून मारलवाईत गोंड शिक्षक घडवण्याचं केंद्र सुरू झालं. गोंडीतली वाचनपुस्तकं तयार झाली. कुठल्या लिपीत? देवनागरीत. कारण त्या पट्ट्यात व्यवहाराची भाषा मराठी होती. आणि हे आपल्यापासून लांबचं आहे असं कुणी समजू नये. आज आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात असलेला राजुरा तालुका तेव्हा निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. तो चांदा जिल्ह्याला जोडला गेला १९५९ मध्ये. माणिकगडच्या डोंगरातले गोंड आणि मारलवाईचे गोंड एकाच सोयरिकीतले. सीमारेषा मागाहून आली.

हाइमेनडॉर्फवर टीका करायला जागा आहे. तो सरकारी सल्लागार होता, निजामाच्या राजवटीचा पगार घेत होता. उठाव शमवण्याच्या कामी विद्वानाने हातभार लावावा का, हा प्रश्न त्याला विचारलाच पाहिजे. पण गोंडांनी त्याचा न्याय वेगळ्या मापाने केला. तो लंडनला प्राध्यापक झाला, तरी परत परत येत राहिला. १९८२ मध्ये आलेल्या पुस्तकात त्याने जमिनी पुन्हा कशा हातच्या गेल्या ते उघड मांडलं. चाळीस वर्षांपूर्वी पाहिलेल्या गावाला पुन्हा भेट देऊन, आपणच सुरू केलेल्या कामाचं काय झालं हे तपासणारे अभ्यासक किती असतात? १९८७ मध्ये बेटी वारली. तिची समाधी मारलवाईत आहे. तो १९९५ मध्ये लंडनला वारला. त्याच्या अस्थीही पुढे मारलवाईलाच आणल्या गेल्या. गोंड गावाने त्या परदेशी जोडप्याला आपल्या मातीत जागा दिली. यापेक्षा मोठं मानपत्र कुठलं?

आपल्या बाजूला, वरोऱ्याला, असेच काही पाहुणे आले. बाबा आमट्यांनी कुष्ठरोग्यांसाठी उभारलेल्या आनंदवनाच्या सुरुवातीच्या दिवसांत, १९५० च्या दशकात, सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे तरुण स्वयंसेवक तिथे येऊन राहिले. ही संस्था पिएर सेरेसोल या स्विस माणसाने पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये सुरू केली. उद्ध्वस्त वर्दूनजवळच्या गावात जर्मन आणि इतर देशांचे तरुण एकत्र येऊन घरं बांधू लागले, हे तिचं पहिलं शिबिर, पहिलं काम. त्याच परंपरेतली पोरं वरोऱ्याच्या उन्हात विटा उचलत होती. कुष्ठरोग्यांनी पिकवलेली भाजी तेव्हा बाजारात कुणी घेत नव्हतं. गोरी मुलं-मुली ती भाजी खातात, रोग्यांच्या शेजारी बसून जेवतात, हे पाहून गावाची भीती हळूहळू विरली, असं आनंदवनात सांगतात. त्यांनी किती भिंती बांधल्या याची मोजदाद इथे महत्त्वाची नाही. त्यांनी बाबा आमट्यांच्या माणसांच्या हातचं खाल्लं.

आणि १९७३ च्या २३ डिसेंबरला भामरागडजवळ हेमलकसाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तिथे प्रकाश आणि मंदाकिनी आमटे हेही एका अर्थी पाहुणेच होते. आलापल्लीच्या पुढे रस्ता संपायचा, पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की जगाशी संबंध तुटायचा. माडिया भाषा त्यांच्यापैकी कुणालाच येत नव्हती. अंगावर पुरेसं कापड नसलेल्या माणसांत राहायचं म्हणून प्रकाशभाऊंनी अर्धी चड्डी आणि बनियन हाच वेष पत्करला. २००८ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्याच्या कितीतरी आधी माडियांनी त्यांना आपलं मानलं होतं.

आतापर्यंत आले त्यांची गोष्ट झाली. आता गेले आणि परत आले त्यांची.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकायला गेले. १९८४ मध्ये शिक्षण पुरं झालं. तिथे राहता आलं असतं, दिल्ली-मुंबईला बसता आलं असतं. ते १९८६ मध्ये गडचिरोलीला आले. जिल्हा तेव्हा फक्त चार वर्षांचा होता, २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झालेला. बाल्टिमोरहून त्यांनी संशोधनाची शिस्त आणली. पण शिस्त कुणाच्या प्रश्नाला लावायची, हे त्यांनी इथल्या बायांकडून ऐकलं. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली, ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. बायका हे वर्षानुवर्षं अंगावर काढत होत्या. १९८९ मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’ने तो निबंध छापला आणि जगातल्या आरोग्य-धोरणाला स्त्रियांच्या बाळंतपणापलीकडचं आयुष्य दिसू लागलं.

इथे एक वस्तू जवळून पाहू. लहान मुलांना न्यूमोनिया झाला की श्वास जलद होतो. जलद म्हणजे किती? दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, त्यापुढच्या वर्षाच्या आतल्या बाळाचा ५० किंवा जास्त. डॉक्टरला हे घड्याळ पाहून मोजता येतं. पण गावच्या सुईणीला शाळा नाही, पन्नासपर्यंत आकडे येत नाहीत. मग काय करायचं? बंगांनी एक साधन तयार केलं. एका बाजूला मिनिटभराचं वाळूचं घड्याळ, दुसऱ्या बाजूला तारेत ओवलेले मणी. सुईण बाळाचं पोट वरखाली होताना पाहते. दहा श्वास मोजले की एक मणी सरकवते. पुन्हा दहा, पुन्हा एक मणी. शेवटचा मणी लाल. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकवायची वेळ आली, तर बाळाला न्यूमोनिया आहे. दहापर्यंत मोजता येणं पुरेसं. बाईचं शहाणपण तिच्याकडे होतंच, फक्त ते तिच्या बोटांना नीट लावून दिलं.

पुढे आरोग्यदूत बायांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, जंतुसंसर्ग ओळखला, गरज पडली तिथे इंजेक्शनही दिलं. ३९ गावांतल्या या प्रयोगात तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यूचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आलं. १९९९ मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळासाठी घरभेटींची शिफारस केली. आज देशभरातली आशाताई बाळंतिणीच्या घरी जाते, त्या पावलांच्या मागे गडचिरोलीची पाऊलवाट आहे.

म्हणजे पाहा, गेलं काय आणि आलं काय. स्युसच्या वेळी इथून शब्द गेला. पोचमपल्लीहून हाडं गेली. आणि इथून पद्धत गेली तेव्हा ती नावासकट गेली, आणि इथली बाळं वाचवून मग गेली. प्रवासाच्या या तीन तऱ्हांत कुठली श्रेष्ठ, हे ठरवायला पंडित नकोत. बंगांच्या शोधग्राममधल्या दवाखान्याला गोंडांच्या दंतेश्वरी देवीचं नाव आहे, त्याची रचनाही आदिवासींना विचारून गावासारखी केलेली आहे. परदेशातून शिकून आलेल्या माणसाने दवाखान्याचा आराखडा रोग्याला विचारावा, हे शिक्षण कुठल्या विद्यापीठात मिळालं असेल? उत्तर साधं आहे: इथल्या.

परदेशाचा विचार करताना शेजारचा परदेश विसरू नये. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना या जंगलात जमिनी दिल्या गेल्या. मुलचेरा, चामोर्शीकडच्या गावांत आज दुर्गापूजेचे मांडव पडतात. सिरोंच्याला तेलुगू ऐकू येते, कोरचीकडे छत्तीसगढी, भामरागडला माडिया. वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या दिवाळीनंतर रात्रीची नाटकं घेऊन या सगळ्या गावांतून फिरतात. एकाच जिल्ह्यात इतक्या भाषा ओलांडणारा नट हाही मोठा प्रवासीच. पण याच जंगलात निर्वासितांना जमीन देताना तिथल्या आदिवासींना कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न उरतोच, आणि तो दोन्ही बाजूंच्या नातवंडांनी मिळून विचारायचा आहे.

विचारण्याची रीत शिकायची असेल तर धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात जावं. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ ला बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथे अभ्यासगट रुजवला. बाहेरचा जाणकार येतो, बोलतो, गावकरी प्रश्न विचारतात. निर्णय मात्र ग्रामसभा घेते, तोही सर्वांच्या सहमतीने. पाहुण्याचं ऐकायचं, मान राखायचा, आणि घर आपलं आपणच चालवायचं.

म्हणून या सभागृहातल्या शिक्षकांना आणि पालकांना एक मागणी. पुढच्या हिवाळ्यात शाळेची सहल ठरवाल, तेव्हा एखादं वर्ष महाबळेश्वर राहू द्या. गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली करत सिरोंच्याला जा. वडधमचे दगड झालेले ओंडके मुलांना हाताने दाखवा, कोट्याचा खडक दाखवा, पोचमपल्लीचं नाव त्यांच्या वहीत लिहून घ्या. दुसऱ्या वर्षी राजुरा ओलांडून दक्षिणेला मारलवाईला जा. जाण्याआधी तिथल्या गावकऱ्यांना निरोप पाठवा, आणि ‘जोहार’च्या पुढची गोंडीतली चार वाक्यं मुलांकडून पाठ करून घ्या.